नाव नंतर, निर्णय आधी

साशंक: डॉक्टर, माझा आक्षेप अगदी मुळापासून सुरू होतो. एखादी मुलगी दात सरळ करून घ्यायला जाते. तार बसवण्याआधी दोन्ही जबड्यांचा मोठा एक्स-रे, तुमचा तो ओपीजी, काढतात आणि त्यात खालच्या दाढेमागे एक काळा गोल डाग दिसतो. तिला दुखत नाही, सूज नाही, जेवणखाण नीट चाललंय. त्या क्षणापर्यंत ती निरोगी होती, एक्स-रे पाहिल्यावर ती रुग्ण झाली. डागाचा अर्थ तरी काय? तिथं हाड कमी आहे, म्हणून किरण अडले नाहीत. खात्रीची माहिती एवढीच. तिच्यावरून ‘सिस्ट आहे’ म्हणायचं, सिस्टचे डझनभर प्रकार सांगायचे, मग बायोप्सी, मग भूल देऊन शस्त्रक्रिया. ज्या गोष्टीनं काही त्रासच दिला नाही, तिच्या इतकं मागे लागायचं कारण काय? शरीरात कितीतरी गोष्टी निमूट पडून असतात आणि माणूस त्यांच्यासकट म्हातारा होतो.

जाणकार: न दुखणं हा ती निरुपद्रवी असल्याचा पुरावा नाही, ती तिची रीतच आहे. जबड्यातली सिस्ट म्हणजे हाडात तयार झालेली बंद पोकळी. बहुतेक सिस्टना आतून पेशींचं पातळ अस्तर असतं आणि आत द्रव किंवा मऊसर पदार्थ असतो. अस्तराच्या पेशी मरून आत गळतात, त्यांचे बारीक तुकडे होतात, आतला द्रव दाट होतो आणि भोवतालचं पाणी ओढून घेतो. त्यानं दाब वाढतो. शिवाय पिशवीच्या भिंतीतून अशी रसायनं सुटतात, की हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. हे सगळं इतकं संथ चालतं, की कळ येण्याचं कारणच घडत नाही. हाडही स्वस्थ बसत नाही. आतून झिजताना ते बाहेरच्या अंगाला नवा थर चढवत राहतं, म्हणून चेहरा पुष्कळ दिवस होता तसाच दिसतो. पुढे झीज जास्त आणि भर कमी अशी वेळ येते. तेव्हा हिरडीवर बोट दाबलं, तर खालचं हाड अंड्याच्या कवचासारखं कुरकुरतं. हे लक्षण आम्हाला शिकवतात खरं, पण ते सापडतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्यानंतर पू होतो, शेजारचे दात सरकतात, आणि खालचा जबडा आतून एवढा रिकामा होतो की साध्या धक्क्यानंही मोडतो. दुखणं सुरू होईपर्यंत थांबा, असं मी कुणाला सांगू शकत नाही.

आणि हे जबड्यातच का होतं, तेही लक्षात घ्या. मांडीच्या किंवा हाताच्या हाडात अशी अस्तर असलेली सिस्ट जवळपास आढळत नाही. दात घडवण्यासाठी तोंडाच्या आतल्या त्वचेच्या पेशी गर्भातच जबड्यात खोल उतरतात. दात घडून झाला तरी त्या पेशींचे पुंजके मागे उरतात. मुळांच्या भोवती उरलेले पुंजके फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांनी १८८०च्या दशकात नीट वर्णन करून दाखवले. आजही त्यांना मालासेचेच अवशेष म्हणतात. ते तुमच्यात आहेत, माझ्यातही आहेत.

साशंक: तुमच्याच बोलण्यातून माझा पुढचा मुद्दा निघतो. अवशेष सगळ्यांत आहेत आणि सिस्ट मात्र थोड्यांनाच होते, म्हणजे त्यांना जागं करणारं काहीतरी वेगळं हवं. माझ्या समजुतीप्रमाणे सगळ्यांत जास्त आढळणारी सिस्ट किडलेल्या दाताच्या मुळाशी होते. कीड नसेपर्यंत गेली, नस मेली, मुळाच्या टोकाला जंतूंची घाण साचली, आणि तिथले अवशेष चिडले. ठीक. मग हा कीड लागण्याचाच पुढचा टप्पा झाला. रूट कॅनाल करून जंतू काढले, की कारण गेलं. तरीही एक दंतवैद्य सांगतो, “मुळाशी सिस्ट आहे, रूट कॅनालनं भागणार नाही, दात काढू.” दुसरा त्याच फिल्मकडे बघून सांगतो, “रूट कॅनाल करा, आपोआप भरून येईल.” एकाच डागावर दोन तोंडं. तुमच्या निदानाला मी शास्त्र कसं म्हणू?

जाणकार: इथं मी मोठ्या प्रमाणात तुमच्या बाजूला आहे आणि ते मोकळेपणानं सांगतो. मुळाच्या टोकाशी दिसणारा डाग तीन गोष्टींचा असू शकतो: पू, ग्रॅन्युलोमा म्हणजे दाहानं तयार झालेली मांसल गाठ, किंवा खरी सिस्ट. एक्स-रेवरून यांतलं कोणतं आहे ते खात्रीनं सांगता येत नाही. डाग मोठा असला तर सिस्टची शक्यता वाढते, पण आकारावरून नाव देऊन टाकणं चूक. झुरिचमध्ये काम करणारे नायर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काढलेल्या दातांबरोबर आलेल्या २५६ गाठींचे त्यांनी ओळीनं काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत निम्म्या ग्रॅन्युलोमा होत्या, ३५ टक्के पुवाच्या आणि सिस्ट फक्त १५ टक्के. म्हणजे फिल्म बघून ‘सिस्ट’ म्हटलेल्या पुष्कळशा गाठी सिस्ट नसतातच.

त्याच अभ्यासात सिस्टचेही दोन गट पडले. काहींची पोकळी दाताच्या मुळातल्या नळीत उघडते, काहींची पिशवी चहूबाजूंनी बंद असते आणि दाताशी तिचा थेट संबंध उरलेला नसतो. त्या १५ टक्क्यांपैकी ६ पहिल्या गटातल्या, ९ दुसऱ्या गटातल्या. पहिल्या गटात नळी साफ केली की सिस्टचं पोषण थांबतं. दुसऱ्या गटात ती स्वतःच्या बळावर टिकून राहू शकते, असा अंदाज आहे. पण हा फरक काप घेतल्याशिवाय कळत नाही आणि काप घ्यायला गाठ आधी बाहेर काढावी लागते. म्हणून आम्ही आधी रूट कॅनाल करतो आणि मग ठरावीक काळानं एक्स-रे काढून पाहत राहतो. डाग लहान होत असेल तर हात लावत नाही. भरून यायला वर्ष लागतं, कधी चार वर्षंही लागतात. दात काढला आणि पिशवी आतच राहिली, तर दात नसलेल्या जागी ती वर्षानुवर्षं वाढत राहते. तिला अवशिष्ट सिस्ट म्हणतात. कवळी नीट बसत नाही म्हणून आलेल्या आजोबांच्या जबड्यात ती सापडते. म्हणजे दात काढणं हासुद्धा खात्रीचा इलाज नाही.

साशंक: तुम्ही मान्य केलंत, तर मी एक पाऊल पुढे टाकतो. मुळाशी डाग दिसला म्हणजे नस मेलेलीच असेल, असंही नाही ना?

जाणकार: नाही, आणि जबड्याच्या निदानातला हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. एक्स-रे नंतर पाहा, आधी दात जिवंत आहे का ते पाहा. बर्फासारखं थंड काही दाताला लावायचं किंवा विजेच्या अगदी सौम्य झटक्यानं नस तपासायची. दोन मिनिटांचं काम, खर्च जवळजवळ शून्य. वरच्या पटाशीच्या दोन दातांच्या मध्ये, टाळूच्या पुढच्या भागात एक नलिका असते. गर्भातल्या त्या नलिकेच्या अवशेषांपासून सिस्ट होते. जी दातांपासून होत नाही अशी जबड्यातली सगळ्यांत नेहमीची सिस्ट हीच. एक्स-रेत ती पटाशीच्या मुळांवर पडलेली दिसते आणि दात पूर्ण जिवंत असतात. थंडाची तपासणी न करता तिथं रूट कॅनाल केलं, तर दोन निरोगी दातांच्या नसा मारल्या आणि सिस्ट तशीच राहिली. दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. मध्यम वयाच्या स्त्रियांमध्ये खालच्या पुढच्या दातांच्या मुळांशी काळे डाग दिसतात, पुढे त्यांत पांढरं चुनखडीसारखं काही भरत जातं. हा हाडाच्या घडणीतला बदल आहे, सिस्टही नाही आणि जंतूंचा आजारही नाही. त्यावर काहीही करायचं नसतं. बायोप्सीही टाळायची, कारण त्या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो आणि जखम चिघळू शकते. तिथं निदान म्हणजे हात मागे घेणं.

साशंक: डॉक्टर, मग माझाच मुद्दा पक्का होतो. डाग स्वतः काही सांगत नाही. मी वाचलंय की खालच्या जबड्यात असा एक डाग असतो, ज्याला वर्षानुवर्षं सिस्ट म्हटलं गेलं आणि आत पिशवी नव्हतीच. आणखी एक प्रकार असा, की सर्जन उघडतो आणि आत काहीच नसतं. पोराला भूल द्यायची, हिरडी उचलायची, हाडाला भोक पाडायचं, कशासाठी? रिकामी जागा बघायला?

जाणकार: दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण दोन्हींचं उत्तर एक नाही. पहिली स्टाफ्ने यांच्या नावानं ओळखली जाते. त्यांनी १९४२ मध्ये ३५ रुग्णांमधल्या अशा पोकळ्यांचं वर्णन केलं. खालच्या जबड्यात, दाढांच्या मागे, कोनाजवळ, ज्या नळीतून नस जाते तिच्या खाली. जबड्याच्या आतल्या बाजूला हाडावर एक खळगा पडलेला असतो आणि त्यात बहुतेकदा लाळग्रंथीचा तुकडा बसलेला असतो. ओपीजी सपाट चित्र देतो, म्हणून खळगा पोकळीसारखा दिसतो. पण जागा इतकी ठरलेली आहे की नसेच्या नळीखाली असा डाग दिसला की अनुभवी डोळा ओळखतो. तरीही शंका राहिली तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा तीन मितींतला स्कॅन, खळगा आतून उघडा असल्याचं स्पष्ट दाखवतो. तिथं चाकू लावायचा नाही. १९९०च्या दशकाच्या शेवटी हे स्कॅनर आले आणि अशा कितीतरी शस्त्रक्रिया टळल्या.

दुसरी गोष्ट, तुम्ही म्हणता ती रिकामी पोकळी, बहुधा किशोरवयात दिसते. दात जिवंत असतात आणि डागाची वरची कड मुळांच्या मध्ये घुसलेली, लाटांसारखी दिसते. हिला अस्तर नसतं, म्हणून काटेकोर पाहिलं तर ही सिस्टही नाही. उघडली की आत कधी थोडा पाण्यासारखा द्रव, कधी काहीच नाही. पण उघडणं हाच तिचा उपचार आहे. भिंती थोड्या खरवडल्या की रक्त भरतं, गुठळी होते आणि तिच्यातून हाड तयार होतं. रिकामं निघालं म्हणून सर्जन फसला, असं मी म्हणणार नाही.

आणि उघडण्याआधी सुई असते. सिरिंजनं आतला पदार्थ ओढून बघायचा. पिवळसर, उजेडात धरला की त्यात कोलेस्टेरॉलचे कण चमकणारा द्रव आला तर बहुधा दाताची सिस्ट. पांढरा, घट्ट, साईसारखा गाळ आला तर मनात वेगळीच शंका येते. भरभरून रक्त आलं तर तिथंच थांबायचं, कारण ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. ती नकळत उघडली गेली तर टेबलावरच जीव जाऊ शकतो. ही सुईची तपासणी वगळण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांचा मला राग येतो.

साशंक: सुईनं इतकं कळत असेल तर पुढचं सगळं कशाला? माझी खरी भीती अक्कलदाढेबद्दल आहे. न उगवलेल्या दाढेभोवती पिशवी असतेच, निसर्गानंच दिलेली. ती थोडी रुंद दिसली की ‘सिस्ट होतेय’ म्हणायचं आणि दाढ उपटायची. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेनं २००० मध्ये स्पष्ट सांगितलं, की ज्या अडकलेल्या अक्कलदाढेत आजार नाही ती केवळ भविष्याच्या भीतीनं काढू नका. आपल्याकडे हे कोण सांगतो?

जाणकार: नाइसनं बजावलं ते आजार नसलेल्या दाढेबद्दल. मुकुटाभोवतीची जागा साधारण तीन-चार मिलिमीटरपेक्षा रुंद झाली की आम्ही लक्ष ठेवायला लागतो, उपटायला नाही. पण खरी सिस्ट झाली असेल, तर ती दाताच्या मानेला चिकटलेली असते, मुकुट तिच्या पोटात असतो आणि ती दाताला ढकलत नेते. खालच्या अक्कलदाढेनंतर वरचे सुळे तिच्या तावडीत जास्त सापडतात. लहान मुलांत मात्र मी तुमच्यापेक्षाही सबुरीचा आहे. हिरडीखाली निळसर फुगा दिसतो, आई घाबरते. उगवणाऱ्या दातावरची ती सिस्ट बहुतेकदा दात वर आला की आपोआप फुटते. आतली मोठी सिस्ट असली तरी मुलात पिशवीला खिडकी पाडून ठेवली की दाब उतरतो आणि पुष्कळदा तो दात आपल्या जागी उगवतो. दात वाचवायला मिळत असेल तर तो का काढायचा?

पण अक्कलदाढेभोवतीचं एकच चित्र तीन वेगळ्या गोष्टींचं असू शकतं. एक ही साधी सिस्ट. दुसरी केराटोसिस्ट, म्हणजे काढली तरी परत उगवू शकणारी सिस्ट. तिसरी अमेलोब्लास्टोमा, म्हणजे इनॅमल घडवणाऱ्या पेशींचा ट्यूमर, ज्याचा एकच पोकळी असलेला प्रकार तरुणांमध्ये नेमका इथंच येतो. एक्स-रेत तिघी जुळ्या बहिणींसारख्या. साधी पिशवी काढून विसरता येते, बाकीच्या दोन विसरता येत नाहीत. म्हणून काढलेला प्रत्येक तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे. कितीतरी ठिकाणी पिशवी काढतात, सर्जन म्हणतो “साधी सिस्ट होती,” आणि ती कचऱ्यात जाते. पाच वर्षांनी गाठ परत येते तेव्हा आधी काय होतं, हे सांगणारा कागद कुणाकडेच नसतो.

(मध्ये पडून एक सांगायलाच हवं. दोघंही असं बोलताहेत की ओपीजी, सीबीसीटी आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट सगळ्यांच्या हाताशी आहेत. तालुक्याच्या गावाहून एसटीनं जिल्ह्याला येणाऱ्या माणसासाठी यातली प्रत्येक तपासणी म्हणजे बुडालेली एक दिवसाची मजुरी असते. ‘सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा’ हा वैद्यकाच्या दृष्टीनं सबुरीचा सल्ला त्याच्यासाठी महागडा असू शकतो. पुढचा वाद वाचताना हे मनात असू द्यावं.)

साशंक: केराटोसिस्टचं नाव तुम्हीच काढलंत, त्यामुळे आता मला मनातलं बोलता येईल. फिलिपसेन यांनी १९५६ मध्ये हे नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानं २००५ मध्ये तिला ट्यूमरच्या यादीत नेलं आणि नावातच ट्यूमर घातला. २०१७ मध्ये त्याच वर्गीकरणानं तिला परत सिस्ट केलं. पेशी त्याच, रुग्ण तेच. २०१० साली ज्याच्या हातात ‘ट्यूमर’ लिहिलेला कागद पडला, त्यानं घरी जाऊन काय सांगितलं असेल? त्याच्या लग्नाची बोलणी चालू असतील तर? आणि सर्जननं ‘ट्यूमर’ म्हणून जबड्याचा जास्त भाग कापला असेल तर ते हाड २०१७ मध्ये परत येत नाही. वर्गीकरण टेबलाभोवती बसून बदलतं, पण त्याचा घाव माणसाच्या तोंडावर पडतो.

जाणकार: तुमचा हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त टोचतो, म्हणून सावकाश उत्तर देतो. २००५ मध्ये कारणं नव्हती असं नाही. केराटोसिस्ट इतर सिस्टसारखी फुगत नाही. ती हाडाच्या मऊ गाभ्यातून पुढे-मागे पसरत जाते, म्हणून गाल सुजण्याआधी अर्धा जबडा आतून गेलेला असू शकतो. तिचं अस्तर पाच ते आठ पेशींच्या जाडीचं, एकसारखं, खालच्या थरात पेशी दाटीनं रांगेत उभ्या. भिंत इतकी नाजूक की काढताना फाटते, आणि भिंतीत छोट्या पिल्ल-सिस्ट असतात. एखादी मागे राहिली की तीच वाढते. नुसती सोलून काढली तर अनेक अभ्यासांच्या हिशेबानं साधारण चारांतली एक परत उगवते, कधी कधी दहा वर्षांनीही. त्यात पीटीसीएच-१ या जनुकातले बिघाड सापडले. हाच जनुक गॉर्लिन-गोल्ट्झ या आनुवंशिक सिंड्रोममध्येही बिघडलेला असतो. पेशीतला जनुकच बिघडला आहे, वाढ होते आहे, परत येते आहे, मग ट्यूमर का म्हणू नये, असा तो विचार होता.

पण त्याविरुद्धचे पुरावेही साचत गेले. तोच जनुक इतर सिस्टमध्येही बिघडलेला सापडला, त्यामुळे त्यावरून ट्यूमर ठरवता येईना. आणि खिडकी पाडून दाब उतरवला तर केराटोसिस्ट आकसते, कित्येकदा अस्तरही बदलून साध्या तोंडाच्या त्वचेसारखं होतं. खरा ट्यूमर नुसता दाब उतरवून असा मागे हटत नाही. म्हणून २०१७ मध्ये म्हटलं गेलं की ट्यूमर म्हणण्याइतका पुरावा नाही. मला यात शास्त्राची लाज वाटत नाही. पुरावा पाहून नाव मागे घेणं ही शास्त्राची ताकद आहे.

साशंक: शास्त्राची असेल, रुग्णाची नाही. नाव दोनदा बदललं, वागणं बदललं नाही. ती तशीच पसरते, तशीच परत येते. मग आधी नावाला इतकं महत्त्व का द्यायचं? रुग्णाला वागणं सांगा. “तुमची गाठ परत येणाऱ्या जातीची आहे, दहा वर्षं दाखवत राहावं लागेल,” एवढं पुरे.

जाणकार: वागणं सांगायचं तर नाव लागतंच, कारण वागणं मी एका रुग्णावरून नाही, त्या नावाखाली जमलेल्या हजारो रुग्णांवरून सांगतो. नाव चुकलं तर तो सगळा अनुभव चुकीच्या माणसाला लागू होतो. आणि कधी नावामागे अख्खं घराणं असतं. गॉर्लिन आणि गोल्ट्झ यांनी १९६० मध्ये वर्णन केलेला तो सिंड्रोम घ्या. पोराच्या जबड्यात एकाहून जास्त केराटोसिस्ट, दुभंगलेली बरगडी, तळहातावर बारीक खड्डे, डोक्याच्या एक्स-रेत मेंदूमधल्या पडद्यावर चुना. गोऱ्या लोकांत अशा रुग्णांना त्वचेचे कर्करोग पुष्कळ होतात आणि त्वचारोगतज्ज्ञ आधी ओळखतो. आपल्या सावळ्या कातडीत ते कमी होतात, म्हणून जबड्याची सिस्ट हीच बऱ्याचदा पहिली खूण. दंतवैद्यानं ‘सिस्ट काढली, झालं’ म्हटलं, तर त्या मुलाचे आईवडील, भावंडं, पुढची पोरं, कुणालाच कळत नाही. इथं नाव न देणं हाच अन्याय आहे.

साशंक: हे पटलं. पण याच्याच उलट्या टोकाला मला अडचण दिसते. तुम्ही म्हणता, नाव सूक्ष्मदर्शकाखाली ठरतं. सूक्ष्मदर्शकाखाली जायला तुकडा काढावा लागतो. आणि किती काढायचं हे तर नावावरून ठरतं. साधी सिस्ट असेल तर सोलून काढा. केराटोसिस्ट असेल तर सोलून वर कार्नॉयचं द्रावण लावा, म्हणजे अल्कोहोल, क्लोरोफॉर्म, अॅसेटिक आम्ल आणि फेरिक क्लोराइड, जे उरलेल्या पेशी जाळतं आणि जवळच्या नसेलाही धोका घालतं. अमेलोब्लास्टोमा असेल तर कदाचित हाडासकट कापा. म्हणजे निर्णय आधी घ्यायचा आणि ज्यावर तो उभा, ते ज्ञान नंतर मिळवायचं. ही विसंगती नाही का?

जाणकार: विसंगती नाही म्हणणार नाही. पण त्यावर मार्ग आहे: आधी छोटा तुकडा काढून बायोप्सी, मग निर्णय.

साशंक: आणि त्या तुकड्यात नेमका साधा भाग आला तर?

जाणकार: तर फसगत होते. हे मी लपवणार नाही. केराटोसिस्टमध्ये जंतूंचा दाह झाला की तिचं ओळखीचं अस्तर बिघडून साध्या सिस्टसारखं दिसायला लागतं. एकपोकळी अमेलोब्लास्टोमात ट्यूमरच्या पेशी भिंतीत एका जागी घुसलेल्या असतात, आणि तुकडा दुसऱ्या जागेचा असेल तर रिपोर्टमध्ये त्या येणारच नाहीत. म्हणून रिपोर्ट एकट्यानं वाचायचा नसतो. रुग्णाचं वय, जागा, दात जिवंत की मेलेला, मुळं सरकलीत की विरघळलीत, सुईत काय आलं, सीबीसीटी काय म्हणतो, हे सगळं एका टेबलावर ठेवून वाचायचं. मला कागदावर नुसतं ‘सिस्ट, जबडा’ एवढंच लिहून पाठवणारे सर्जन भेटतात. त्या कागदावर मी काय नाव देणार? माझा सूक्ष्मदर्शक इतकाही शहाणा नाही.

साशंक: मग तुम्ही आता माझ्याच जवळ आलात. नाव तात्पुरतं असतं. तसं रुग्णाला सांगता का? “आत्ता आम्हाला वाटतंय ते अमुक, पिशवी पूर्ण काढल्यावर ते बदलू शकतं आणि कदाचित दुसरी शस्त्रक्रिया लागेल.” मला वाटतं, फार कमी ठिकाणी सांगतात. आणि दुसरं, खिडकी पाडण्याचा पर्याय. पार्ट्श यांनी तो १८९२ मध्येच मांडला होता. हाड वाचतं, नस वाचते, ओठ बधिर होत नाही. तरी तो मागे का पडतो?

जाणकार: कारण त्यात रुग्णाला महिनोन्महिने स्वतः पोकळी धुवावी लागते, कापड किंवा बोळा बदलायला यावं लागतं, आणि शेवटी उरलेली पिशवी काढायला बहुतेकदा दुसरी शस्त्रक्रिया लागतेच. बरं होणं त्याच्या चिकाटीवर टाकलेलं असतं. तो येईनासा झाला तर खिडकी बुजते आणि गाठ आत बंद होते. दुसरीकडे हाडासकट कापलं तर परत येण्याची शक्यता जवळजवळ शून्य होते, पण चाळीस वर्षांचा माणूस पुढचं आयुष्य अर्ध्या जबड्यानं आणि बधिर ओठानं काढतो. परत येण्याची शक्यता मी टक्क्यांत मोजतो. बधिर ओठातून चहा सांडतो, घास कळत नाही, ते मोजायला माझ्याकडे काही नाही.

साशंक: म्हणून तो निर्णय तुमचा नसावा.

जाणकार: एकट्याचा नसावा, हे मान्य. पण सगळा त्याच्यावरही टाकता येत नाही. मी त्याला आकडे सांगतो आणि तो म्हणतो, “डॉक्टर, तुमच्या भावाला असतं तर काय केलं असतं ते सांगा.” त्याला आकडे नको असतात. आणि माझं खरं उत्तर असं, की माझ्या भावाच्या बाबतीत मी खिडकी निवडेन, कारण त्याला दर महिन्याला माझ्याकडे यायला काही अडचण नाही. ज्याला येणं परवडत नाही, त्याला मी तेच उत्तर देऊ का?

साशंक: नाही देता येणार. पण त्याला येणं परवडत नाही म्हणून त्याचं जास्त हाड कापायचं, हेही मला मान्य नाही. ते वैद्यकीय कारण नाही.

जाणकार: वैद्यकीय कारण नाही, पण माझ्या रोजच्या निर्णयांत ते असतंच. ते नाकारलं तर मी खोटं बोलेन.

साशंक: मग ते केसपेपरवर लिहा. ‘परत येण्याचा खर्च झेपत नसल्यामुळे हा उपचार निवडला’ असं, निदानाच्या शेजारी.

जाणकार: लिहायला माझी तयारी आहे. पण ते लिहिल्यावर मला ते बदलायलाही लागेल. त्याच्या गावाजवळ पोकळी धुऊन देणारं, खिडकी उघडी आहे की नाही ते बघणारं कुणीतरी तयार करावं लागेल. ते माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्यातलं नाही, आणि कुणाच्या आवाक्यातलं आहे हे मला आज सांगता येत नाही.